कोमलला वाचता येतं

शिक्षकांच्या कुठल्याही प्रशिक्षणात माझी ओळख ‘तंत्रस्नेही शिक्षक’ अशी करून देतात. शब्द आमच्या खात्यातला आहे. ज्याला शाळेतला टीव्ही लावता येतो, बंद पडला तर मागची वायर हलवून पुन्हा सुरू करता येतो, मुलांचे व्हिडिओ जोडून त्यांच्यामागे संगीत घालता येतं आणि वरून आलेली लिंक संध्याकाळच्या आत भरता येते, तो तंत्रस्नेही. जुन्नर-आंबेगावात माझ्यासारखे पुष्कळ आहेत. डिंभ्याच्या वरच्या अंगाला एका शाळेवर माझा मित्र आहे. त्याला रेंजसाठी धरणाच्या रस्त्यापर्यंत खाली यावं लागतं. तिथं गाडीवर बसून तो माहिती भरतो आणि मला फोन करून सांगतो, “राव, पोरं वर डोंगरात आणि शाळा इथं माझ्या खिशात.”

या प्रशिक्षणांत शेवटी कुणीतरी उठून विचारतं, “सर, या नव्या पद्धतींबद्दल तुमचं खरं मत काय?” मी सांगतो की साधन चांगलंही नसतं आणि वाईटही नसतं, वापरणाऱ्यावर सगळं असतं. माना डोलतात, चहा येतो. उत्तर चुकीचं नाही. पण वापरणारा मी होतो आणि मी काय केलं, हे त्या उत्तरात येत नाही. ते इथं लिहितो.

माझी शाळा बेल्ह्याच्या पुढं, पठाराच्या बाजूला एका वस्तीवर आहे. पहिली ते चौथी, दोन शिक्षक. वस्तीत निम्मी घरं शेती करणाऱ्यांची, निम्मी मेंढरं राखणाऱ्यांची. मेंढरंवाल्यांतलेही आता बरेच शेतीला लागलेत, पण काही घरं अजून दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादून, माळशेज उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात. म्हणजे दिवाळीनंतर आमच्या वर्गातल्या बऱ्याच जागा रिकाम्या. पट कमी, त्यामुळं शाळा दुसऱ्या शाळेत मिसळणार ही टांगती भीती कायम. हे सारखं ऐकून ऐकून आम्हा दोघांचीही झोप कमी झाली होती.

दुसऱ्या शिक्षिका हांडेबाई. मूळच्या जुन्नरच्याच, माझ्यापेक्षा वयानं मोठ्या, तोंडानं फटकळ. त्यांनी टीव्हीच्या रिमोटला कधी हात लावला नाही. त्यांची एक सवय होती. रोज सकाळी शाळा भरायच्या आधी त्या फळ्यावर वस्तीतली एक बातमी लिहायच्या. ‘संतूच्या शेळीला दोन करडं झाली.’ ‘काल रात्री बिबट्या विहिरीपाशी येऊन गेला.’ पोरं दप्तर टाकायच्या आधी फळ्याकडं पळायची, कारण बातमी त्यांच्यातल्याच कुणाची तरी असायची आणि ती दुसऱ्या कुठल्याही पुस्तकात नसायची. मला ते तेव्हा जुनाट वाटायचं. बाईंची मी आरती ओवाळत नाही. त्या कान पिळायच्या, आणि त्यांच्या धाकानं वर्षभर तोंड न उघडलेला एक मुलगा टीव्हीवरचं चित्र बघून माझ्याशी पहिल्यांदा बोलला, हेही खरं आहे.

टीव्ही आला तेव्हा पहिल्या दिवशी मी मुलांना समुद्र दाखवला. शेतकऱ्याची पोरं म्हणाली, “एवढं पाणी हाय तर आपल्याकडं का सोडत नाय?” मागं बसलेली कोमल खेमनर मात्र म्हणाली, “सर, मी बघितलाय. ह्याला वासच नाय.” तिचा बाप बाळू मेंढरं घेऊन कोकणात जायचा. दरवर्षी तीही जायची आणि दरवर्षी परत आली की अक्षरओळखीपासून सुरुवात व्हायची. असं करत ती तिसरीत आली होती.

त्या वर्षी हांडेबाईंनी तिच्यामागं लागून तिला वाचायला लावलं. गणपतीपासून दसऱ्यापर्यंत, मधल्या सुट्टीत, शाळा सुटल्यावर. कोमल बोट ठेवून, अडखळत, पण स्वतःचं स्वतः वाचायला लागली. जोडाक्षर आलं की थांबायची, ओठ हलवायची आणि मग एकदम शब्द सोडायची. बाईंनी तिच्या थोरल्या चुलतीला गाठलं. चुलती वस्तीवरच राहायची. दिवाळीनंतर कोमलला तिच्यापाशी ठेवायचं ठरलं. बाळूही तयार झाला होता.

नेमका तेव्हाच मी नवोपक्रम स्पर्धेसाठी विषय शोधत होतो. माझा विषय होता ‘चालती शाळा’. स्थलांतर करणाऱ्या मुलाला रोज मोबाइलवर धडा पाठवायचा, मुलानं तो वाचून आवाज रेकॉर्ड करून परत पाठवायचा. बक्षीस मिळालं असतं तर आमच्या शाळेचं नाव झालं असतं आणि नाव झालेल्या शाळेला हात लावायला कुणीही दोनदा विचार करतं. हे कारण खोटं नव्हतं. पण स्टेजवर माझं नाव पुकारलं जाईल हेही मला दिसत होतं. जाणाऱ्या घरांत स्मार्टफोन आणि शाळेच्या वयाचं, बोलकं मूल असं एकच घर होतं, बाळूचं.

मी बाईंना सांगितलं तेव्हा त्या पोषण आहाराचं तांदळाचं पोतं शिवत होत्या. “सर, तिला आत्ता कुठं जोडाक्षरं कळायला लागलीत. आत्ता सोडू नका.”

“बाई, तुमचा फळा काही माळशेज उतरून जाणार नाही,” मी म्हणालो. बोलताना मला ते चांगलं सुचल्यासारखं वाटलं होतं.

“नाही जाणार,” त्या म्हणाल्या. “म्हणून तर पोरगी इथं राहू दे म्हणतेय.”

मी बाळूकडं गेलो. घोड्याचं खोगीर दुरुस्त करत तो बसला होता.

“बाळूभाऊ, कोमलला बरोबर न्या.”

“आँ? बाई तर ठेवा म्हणत व्हत्या. वहिनीला बी सांगून ठेवलंय.”

“आता शाळा फोनात आलीय. मी रोज धडा पाठवतो. तिनं वाचायचं आणि मला पाठवायचं.”

तो हसला. “म्हंजी शाळा बी मेंढरामागं येनार. चालंल. मेंढरं मोजताना हिची बी हजेरी घेऊ.”

त्याची बायको मंगल चुलीपाशी होती. ती म्हणाली, “पोरगी जवळ राहिली तर मला बी बरंच हाय. रानात येकटीला करमत नाय. पर शिकंल ना, गुरुजी?”

“शिकेल,” मी म्हणालो.

आता धडा पाठवायचा म्हणजे काय, ते सांगतो. आमच्याकडे पुस्तकातल्या प्रत्येक धड्याचे व्हिडिओ आहेत. पडद्यावर धड्यातली वाक्यं येतात, एक गोड आवाजाच्या ताई ती वाचतात आणि जो शब्द वाचला जातो तो पिवळा होतो. मुलानं पिवळ्या शब्दाकडं बघायचं आणि बरोबर म्हणायचं. कल्पना चांगली आहे. शेजारी शिक्षक असेल, तो मध्येच आवाज बंद करून ‘आता तू’ म्हणत असेल, तर उपयोगही होतो. नसेल तर एक गोष्ट घडते. कान डोळ्यापेक्षा हुशार असतो. मूल कानानं धडा उचलतं आणि डोळा नुसता पिवळ्यामागं फिरत राहतो. बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. हे मला आज कळतं असं नाही. प्रशिक्षणात मी हे शिकवतसुद्धा होतो.

हिवाळाभर रेकॉर्डिंग येत राहिली. दुपारी मेंढरं सावलीला बसली की बाळू तिच्या हातात फोन द्यायचा. त्याला आणि मंगलला अक्षरओळख नव्हती. मागं मेंढरांचं बें-बें, घंटा, मंगलची हाक. एका रेकॉर्डिंगमध्ये वाचता वाचता ती म्हणते, “थांबा सर, कोकरू आलं,” मग जरा शांतता, आणि पुन्हा त्याच शब्दापासून पुढं. वाचन असं की कुठं अडखळणं नाही. ओझरच्या शिक्षण परिषदेत मी ते सगळ्यांना ऐकवलं. एका बाईंनी डोळे पुसले. मग टाळ्या.

एकदाच मी तिला वेगळं सांगितलं होतं. “आज पहिला परिच्छेद नको, मधलं पान काढ आणि तिथून वाच.” दोन-तीन दिवस काहीच आलं नाही. मग आलं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत, बिनचूक. रेंज नसेल म्हणून उशीर झाला, अशी मी माझी समजूत घालून घेतली. पुन्हा तसं विचारलं नाही.

तालुक्याचं बक्षीस मिळालं. शाल, श्रीफळ, फोटो.

जूनमध्ये शाळा उघडली. कोमल चौथीत आली होती, उंच झाली होती, उन्हानं रापली होती. दुसऱ्या दिवशी हांडेबाईंनी फळ्यावर लिहिलं, ‘कोमलच्या घोडीला शिंगरू झालं.’ पोरं धावली, वाचली आणि कोमलभोवती गोळा झाली. “काय रंगाचं हाय गं?” “आमाला दावशील का?” कोमल फळ्यासमोरच उभी होती. तीही सगळ्यांबरोबर हसत होती. मग तिनं शेजारच्या मुलीला हळूच विचारलं, “काय लिवलंय?”

बाई खडू हातात धरून माझ्याकडं बघत होत्या.

मी तिला ऑफिसात बोलावलं, तिसरीचं पुस्तक दिलं. तिनं धडा काढला. आधी ओठ मिटून व्हिडिओच्या सुरुवातीचं संगीत गुणगुणली, मग “चला तर मुलांनो” म्हणाली आणि धडा सुरू केला. त्या ताईंचाच चढउतार, त्यांचाच श्वास. संपला तेव्हा तिनं मला व्हिडिओ लाइक करायला सांगितलं. मी पुस्तकावर हात ठेवून एकच ओळ उघडी ठेवली. तिला ती ओळ सांगता येईना. त्यातला एक शब्द दाखवला. ती माझ्या तोंडाकडं बघायला लागली, मी सुरुवात करून देईन म्हणून. दसऱ्याला जे अडखळत का होईना येत होतं, तेही गेलं होतं. पुन्हा त्याची गरजच पडली नव्हती.

माझा गुन्हा इथवरच असता तर त्याला मी चूक म्हटलं असतं. चुका सगळ्यांच्या होतात.

मी तिला पुन्हा शिकवायला बसवलं. पण चौथीतल्या पोरीला पहिलीच्या चिमुरड्यांबरोबर अक्षरकार्डं हातात घेऊन बसावं लागलं. त्यात ती इतकी हुशार, की नवा उतारा मी एकदा वाचून दाखवला की दुसऱ्या वेळी तो तिला पाठ. मी फसायचो, मग पुन्हा मागं यायचो. तिला ते कळायचं आणि ती आणखी मिटायची. आणि मी रोज वर्गात कुठं होतो? बक्षिसामुळं ‘चालती शाळा’ समजावून सांगायला मला या केंद्रात, त्या केंद्रात बोलावत होते. आठवड्यातले निम्मे दिवस मी दुसऱ्यांच्या शाळांत असायचो. हांडेबाई एकट्या चारही वर्ग बघायच्या. कोमल कधी कधी शाळेऐवजी मेंढरामागं जायला लागली.

श्रावणात स्पर्धेच्या वरच्या फेरीची समिती शाळा बघायला येणार असल्याचं कळलं. त्यांना ‘ते मेंढपाळाचं मूल’ प्रत्यक्ष ऐकायचं होतं.

मी तेव्हा सांगू शकलो असतो. फोन उचलून म्हणू शकलो असतो की प्रयोग फसलाय, का फसला ते लिहून देतो. त्यातून कुणाचा तरी फायदा झाला असता. मी बाईंशी बोललो. त्यांनी हातातला खडू डब्यात ठेवला. मग म्हणाल्या, “आणि शाळेचं?” मी म्हणालो, “तेच तर.” आम्ही पुढं बोललो नाही.

समिती आली. रांगोळी, गुलाबाची फुलं, टीव्ही चालू. कोमलला तिच्या आईनं नवीन परकर-पोलकं घातलं होतं. मी पुस्तक तिच्या हातात दिलं, धडा मीच उघडून दिला. जो तिला सगळ्यात चांगला येत होता तोच. तिनं बोट फिरवत ‘वाचला’. संगीत गुणगुणायचं नाही आणि शेवटचं लाइकचं म्हणायचं नाही, एवढं मी तिला आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं. साहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यात आधी मी. त्याचा व्हिडिओ मी बाळूला पाठवला.

कोमलचं तोंड त्या दिवशी इतकं फुललं होतं की जूनपासून मी ते तसं पाहिलं नव्हतं. तिच्यापुरता त्याचा अर्थ सरळ होता. यालाच वाचणं म्हणतात आणि ते आपल्याला येतं.

“मी पण गप्प बसले,” गाड्या गेल्यावर बाई म्हणाल्या. मला दिलासा द्यायला नव्हे. त्या स्वतःशीच बोलत होत्या.

शाळा त्या वर्षी मिसळली नाही. बक्षिसामुळं की दुसऱ्या कशामुळं, ते मला माहीत नाही.

दिवाळी आली. आमची शाळा चौथीपर्यंत. पुढच्या जूनमध्ये कोमल पाचवीला मोठ्या शाळेत जाणार, तिथं एका वर्गात भरपूर मुलं, कोण तिला अक्षरापासून घेणार? या वर्षी ती इथं राहिली तर वेळ होता, गेली तर नव्हता. मी बाळूकडं गेलो. बिऱ्हाड निघायच्या तयारीत होतं, घोडीवर भांडी चढत होती.

“बाळूभाऊ, कोमलला वहिनीपाशी ठेवा.”

“आता का? शाळा फोनात हाय ना. तुमीच म्हणला व्हता.”

“मी चूक सांगितलं होतं. फोनवर ती शिकली नाही. तिला वाचता येत नाही.”

तो थांबला. “नाय कसं? साहेबाम्होरं वाचलं की तिनं. तुमीच टाळ्या वाजवताय त्याच्यात. पावण्यांत समद्यांना दावला मी तो व्हिडिओ.”

“ते तिला पाठ होतं.”

“अन् तुमाला म्हाईत व्हतं?”

“हो.”

मला वाटलं तो शिव्या देईल. मी त्याच तयारीनं गेलो होतो, कदाचित त्यासाठीच गेलो होतो. पण तो दोराची गाठ मारत राहिला. गाठ पक्की झाली तसा माझ्याकडं वळून म्हणाला, “मग आमी खरं कंदीचं धरायचं, गुरुजी? तवाचं का आत्ताचं?”

मंगल म्हणाली, “पोरीलाच इचारा की.”

कोमल कोकरू काखेत घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मी म्हणालो, “कोमल, तू इथं राहा. मी कुठं जाणार नाही. रोज फक्त तुला शिकवीन.”

“नाय सर,” ती म्हणाली. “हितं मला वाचता येत नाय. तिकडं येतं.”

ते गेले. मी बाहेरची बोलावणी बंद केली, वर्गातच थांबतो. बाकीच्या पोरांना आवाज बंद करून टीव्ही दाखवतो आणि वाचायला लावतो. बरं चाललंय. त्याचं कुणी बक्षीस देत नाही, आणि मला ते समाधानही पुरत नाही.

गेल्या आठवड्यात मधल्या सुट्टीत फोन वाजला. कोमलचं रेकॉर्डिंग. मी काहीच पाठवलं नव्हतं. तिनं स्वतःच कुठूनतरी चौथीचा पुढचा धडा शोधून काढला होता. मागं घंटा, वारा, आणि अडखळल्याशिवाय सबंध धडा. शेवटी म्हणाली, “सर, बरोबर हाय का?”

मी व्हरांड्यात बसून तिला उत्तर लिहायला घेतलं. तिची चूक नाही, चूक माझी आहे, असं लिहिलं. पाठ करणं वेगळं आणि वाचणं वेगळं, ते कसं, हेही सोपं करून लिहिलं. तू परत आलीस की मी तुझ्या घरी येऊन शिकवीन, मोठ्या शाळेत गेलीस तरी येईन, असं लिहिलं. बराच वेळ लागला. हांडेबाई ताट धुऊन येता येता माझ्याशेजारी थांबल्या.

“एवढं काय लिहिताय?”

मी त्यांना सगळं वाचून दाखवलं.

“चांगलं लिहिलंय,” बाई म्हणाल्या. “पण तिकडं ते वाचणार कोण?”